चार दिवस सरकारी नाक

नागपूरहून परतलेला माणूस आल्या आल्या संत्र्यांची पिशवी उघडतो आणि सावजी रश्शानं डोळ्यांतून कसं पाणी काढलं ते सांगत बसतो. मीही परवाच परतलो. पण मुक्कामातले पहिले साडेतीन दिवस मला संत्रं सोलायचीसुद्धा बंदी होती, रस्सा तर लांबच. आंघोळीला बिनवासाचा साबण, डोक्याला तेल नाही, सकाळी उदबत्ती नाही, चहासुद्धा वेळ पाहून. कुणाला वाटेल, प्रकृती बिघडली. तसं काही नव्हतं. एका राष्ट्रीय प्रयोगशाळेनं माझं नाक कामाला घेतलं होतं.

मुळात गेलो कशाला, ते आधी सांगतो. मी सांगलीचा, हिशेबतपासणी करून पोट भरणारा. माझी मुलगी अनघा केमिकल इंजिनिअर. दोन वर्षांपासून ती नागपूरच्या त्या प्रयोगशाळेत कंत्राटी पदावर आहे. प्रकल्प आहे तोवर पद, प्रकल्प संपला की पद संपलं. मध्यंतरी पुण्याच्या एका कंपनीनं तिला कायमची नोकरी देऊ केली. होय की नाही ते रविवारी संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं. आमच्या घरात मतभेद नव्हता: पुणे. पण अनघा फोनवर 'बघते' म्हणत होती, आणि तिचं 'बघते' म्हणजे 'नाही', हे तिच्या आईला ती बोलायला लागल्यापासून ठाऊक आहे. सुनंदाला शाळेतून रजा मिळेना. तेव्हा मी जावं, तिथं माणसाला पुढे काय मिळतं आणि कधी मिळतं याची चौकशी करावी आणि मुलीकडून पुण्याला होकार कळवून घेऊनच परतावं, असं ठरलं.

गुरुवार

गाडीबद्दल लिहिण्यासारखं एवढंच की ती पोचली. सांगलीची थंडी मफलरला भिते. नागपूरची त्याला विचारत नाही. अनघा स्कूटर घेऊन स्टेशनवर आली होती. "एवढ्या गारठ्यात एकटेच येऊन राहिले बाबा तुम्ही, आईनं सोडलं कसं?" असं म्हणाली. 'येऊन राहिले' ऐकून मी ओळखलं, मुलगी इथं चांगलीच मुरली आहे. मोहीम सोपी नव्हती.

मनीषनगरात तिची खोली आहे. कोपऱ्यावर एकजण पोह्यांवर लाल तर्री ओतत होता, हरभरे वर तरंगत होते, भोवती माणसं वाफेत उभी होती. मी स्कूटरवरून एक पाय खाली टाकला, तर अनघानं माझं कोपर धरलं. आज तर्री नको म्हणाली. खोलीवर तिनं मला दूध आणि बिनफोडणीचा भात दिला. मला वाटलं, आपल्या रक्तदाबाबद्दल सुनंदा काहीतरी बोललेली दिसते. खरी गोष्ट प्रयोगशाळेत कळली.

अनघाच्या विभागाचे प्रमुख डॉ. भोयर. बिनबाह्यांचा स्वेटर, निवृत्तीला थोडाच अवधी, आणि बोलताना चेहरा इतका गंभीर की थट्टा कुठं सुरू झाली ते लवकर उमगत नाही. त्यांनी माझ्याशी हात मिळवला आणि तो हात सोडायच्या आत वाकून हुंगला. "तेल नाई, अत्तर नाई. चांगलं आहे, मानेजी," म्हणाले.

हा विभाग दुर्गंध मोजतो. वास मोजायचं यंत्र असतं असा माझा समज होता. यंत्र आहे, पण ते हुंगत नाही. नाल्यावरची किंवा कारखान्यामागची हवा पिशवीत भरून आणतात आणि हे यंत्र ती चांगल्या हवेत मिसळून पातळ करत राहतं. हुंगायला माणसंच लागतात. कितीपट पातळ केल्यावर निम्म्या माणसांना वास येईनासा होतो, तो त्या वासाचा आकडा. दुर्गंधाला आकडा मिळतो हे ऐकून मी खुर्ची पुढे ओढली, हे कबूल करतो.

या माणसांच्या मंडळाला तिथं पॅनल म्हणतात. त्यात कमीत कमी चार नाकं हवीत, तीही सरासरी. फार तिखट नाक चालत नाही आणि बोथटही नाही. त्यांच्याकडे चारच होती. पैकी एका बाईंचं नाक मध्यंतरी एकाएकी भलतंच तीक्ष्ण झालं. भोयरांनी काही न विचारता त्यांना पॅनलवरून कमी केलं आणि पेढ्यांची वाट पाहिली. पेढे महिन्याभरानं आले. उरली तीन नाकं. सोमवारी दिल्लीची समिती येणार होती, विभागाला पुढची दोन वर्षं द्यायची की नाही ते ठरवायला. तिच्यापुढे ठेवायला एका नाल्याची मोजणी पुरी व्हायला हवी होती. ती झाली नाही तर विभागाचं अवघड आणि विभाग गेला तर अनघाचं पदही गेलं.

म्हणजे मी मुलीला इथून न्यायला आलो होतो, आणि तिनं मला तिचं पद वाचवायच्या कामाला लावलं होतं. मी तिच्याकडे पाहिलं. ती नळ्या पुसत होती.

मी माझी हरकत मांडली. मी तिचा बाप. हिशेबात याला हितसंबंध म्हणतात. तपासनीस घरचा चालत नाही. भोयरांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"तीन नळ्या आहेत जी," ते म्हणाले. "एकीत वास, दोनमध्ये नुसती हवा. कोणत्या नळीत काय, ते तुमाले बी नाई ठाऊक, तुमच्या पोरीले बी नाई. यंत्र ठरवते. तुमच्या नाकाले तिचा बाप होता येते का, सांगा."

होता येत नव्हतं. मी बसलो.

परीक्षेसाठी ते एक ठरावीक रसायन वापरतात, फळ्यावरच्या मार्कर पेनसारखा वास असतो. पहिल्या फेरीत तो इतका पातळ असतो की कुणालाच येत नाही, मग फेरीगणिक वाढत जातो. दर फेरीला तिन्ही नळ्या हुंगायच्या, त्यातली एक निवडायची आणि तिच्याखालचं एक बटण दाबायचं: अंदाज, वाटतंय किंवा खात्री. मी हुंगलं. तिन्ही नळ्या सारख्या. मी हात मांडीवर ठेवून बसलो. वेळ संपल्याची घंटा झाली. पुढची फेरी, तेच. माझं म्हणणं सरळ होतं: माहीत नाही तर नोंद करायची नाही. अर्ध्या फेऱ्या मी कोऱ्या सोडल्या. मग एका नळीतून मार्कर पेनांचं अख्खं कपाट उघडल्यासारखा वास आला, तेव्हा आणखी दोनदा हुंगून 'खात्री' दाबली.

माझं नाक नापास झालं. पुन्हा पाहू म्हणाले, वेगवेगळ्या तीन दिवशी परीक्षा घ्यावीच लागते. पण प्रशांत गावंडे म्हणून तिथले तंत्रज्ञ आहेत, तेही पॅनलवर, त्यांनी माझ्याकडे फार सहानुभूतीनं पाहिलं. वयाची पन्नाशी उलटल्यावर नापास होण्याची सवय राहत नाही. मला ते लागलं.

शुक्रवार

रात्रभर अनघानं मला पढवलं होतं असं नाही, पण सकाळी दूध-भात वाढताना ती म्हणाली, "बाबा, तुम्ही न दाबता बसता तेव्हा तुम्हाला वाटतं तुम्ही प्रामाणिक आहात. यंत्राला वाटतं तुम्ही झोपलात." वास येतोय हे आपल्याला कळायच्या आधी नाकाला कळलेलं असतं, म्हणून अंदाज घ्यायचा. चुकला तर चुकला म्हणून मोजतात, लपवत नाहीत. चुकीची नोंद मोजून वापरायची, हे मला नवीन होतं. आमच्याकडे ती खोडतात आणि खुलासा मागवतात.

दुसऱ्या परीक्षेत मी अंदाज दाबले. सुरुवातीला प्रत्येक वेळी कान गरम होत होते. नाक काठावर आलं.

दुपारी भोयर, गावंडे, अनघा आणि यंत्र बांधणाऱ्या इंजिनिअर रश्मी वानखेडे असे आम्ही कॅन्टीनला बसलो. तीन पॅनलवाले आणि मी पिवळी खिचडी खात होतो. अनघा पॅनलवर नाही, ती आमच्यासमोर वडाभात खात होती, वर हिंगाचं कढत तेल ओतून. तिच्याकडे न बघता मी कामाचे प्रश्न काढले. इथं माणूस पुढे कसा जातो?

भोयर म्हणाले, दर काही वर्षांनी मुलाखत होते, बाहेरची मोठी माणसं येतात, तुमचे शोधनिबंध पाहतात, पेटंट पाहतात आणि विचारतात की तुम्ही एवढी वर्षं काय केलं. हा प्रश्न ते स्वतः चारदा ऐकून चुकलेत. त्यांना लहानपणी अवकाशयान पाठवायचं होतं. रामटेकजवळच्या खेड्यातून शिकायला निघाले तेव्हा गावानं हार घातले होते. पहिल्या सुट्टीला गेले तर पारावर विचारणा झाली, काय पाठवलं गा वर? तेव्हापासून गावात ते 'सरकारी खात्यात' आहेत.

वानखेडेबाई आधी एका मोठ्या कंपनीत होत्या. तिथं एकाच वाल्व्हचा एकच नट त्या तीन वर्षं सुधारत होत्या. तो सोडून त्या कमी पगारावर इथं आल्या आणि अख्खं यंत्र बांधलं. पद विचारलं तर म्हणाल्या, वैज्ञानिक. इथं इंजिनिअरलाही वैज्ञानिकच म्हणतात, त्यामुळे सासरी फॅन बिघडला तरी कुणी सांगत नाही, हा मोठा फायदा. गावंडेंचं दुखणं वेगळं. परीक्षेच्या आदल्या रात्री तिखट, कांदा-लसूण, पान, सगळं बंद, आणि सासुरवाडी इतवारीतली, मटणासाठी प्रसिद्ध. "सासू म्हनते, जावयाले आमच्या घरचं जेवन वास मारते," ते म्हणाले. "मी सांगतो, नाई वं मामी, मले नाल्याचा वास बराबर यायला पाहिजे म्हनून तुमचं नाई खात. तं तिले अजूनच राग येते."

मग मी मुख्य प्रश्न विचारला. कंत्राटी माणूस कायम होतो का, आणि कधी? चौघांनी चार उत्तरं दिली. जाहिरात निघते. केव्हा निघते ते सांगता येत नाही. निघाली तर देशभरातून अर्ज येतात. लागलेलेही आहेत, वाट पाहून परदेशी गेलेलेही आहेत. वानखेडेबाई सातव्या वर्षी लागल्या. एकानंही मला खोटी आशा दाखवली नाही. त्याबद्दल आदर वाटला आणि मोहिमेला चांगला दारूगोळाही मिळाला.

शनिवार

सकाळी तिसरी परीक्षा. नाक बसलं, सरासरीत. आयुष्यात सरासरी ठरल्याचा एवढा आनंद मला कधी झाला नव्हता. भोयरांनी अभिनंदन केलं, गावंडेंनी टाळ्या वाजवल्या.

मग भोयर, गावंडे, अनघा आणि मी जीपमधून नाल्यावर. शहर सुटलं की दोन्हीकडे धानाची कापलेली शेतं, बांधांवर बगळे, लांब सागाची काळपट रेघ. आमच्याकडे उसानं सगळं झाकलेलं असतं. इथं जमीन उघडी, नजर जाईल तिथवर जाते. नाला दिसायच्या आधी आला. पिशवी भरण्याची रीत पाहण्यासारखी: रिकामी पिशवी एका बंद डब्यात ठेवायची आणि पंपानं डब्यातली हवा काढायची, की पिशवी आपली आपण नाल्याची हवा ओढून फुगते. अनघा कडेला उकिडवी बसून नळी धरत होती, ओढणी तोंडाला बांधून, आणि मधूनच ती खाली करून खोल श्वास घेत होती. मुद्दाम. माझ्या मुलीनं लहानपणी कार्ल्याच्या वासानं ताट ढकललं आहे.

पिशव्या मागच्या सीटवर ठेवून भोयर म्हणाले, एवढं आलातच तर आमचा रामटेक पाहून जा. गडावर गेलो. वरून तळी, भातखाचरं आणि पसरलेलं रान पाहून मी जरा वेळ पुणे विसरलो. दर्शन घेऊन खाली आलो तर जीपच्या टपावर एक दांडगं वानर बसलेलं. भोयरांनी आपल्या बाजूची काच अर्धी उघडी ठेवली होती. वानराच्या हातात आमची एक पिशवी होती. फुगलेली, पारदर्शक, त्याला ती कुरमुऱ्यांची वाटली असावी.

अनघा काही बोलायच्या आत त्यानं पिशवीला दात लावला. फस्स झालं. वानर क्षणभर स्तब्ध बसलं. मग त्यानं तोंड वाकडं करून पिशवी लांब फेकली, दोन्ही हातांनी नाक चोळलं आणि देवळाच्या भिंतीवरून दिसेनासं झालं.

"खात्री," भोयर म्हणाले.

पिशव्या मोजून भरलेल्या, त्यामुळे परत नाल्यावर जावं लागलं. जाताना अनघा आपल्या साहेबांशी एक अक्षर बोलली नाही आणि साहेब खिडकीतून बाहेर बघत बसले. ज्येष्ठ वैज्ञानिकाला कनिष्ठानं असं गप्प बसवलेलं आमच्या कचेरीत चालत नाही. या वेळी नळी मी धरली.

गावंडे माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "काकाजी, तुमी पोरीले पुन्याले न्याले आले ना? मंग उद्या बरा चान्स आहे तुमाले. दोन-चार उलट्या बटना दाबा. तुमचं नाक बाद, चारचे झाले तीन. मोजनी रद्द."

मी म्हणालो, भलतंच काय. पण ते मला सुचलं नव्हतं असं मी म्हणणार नाही. शुक्रवारच्या खिचडीपासून ते माझ्या डोक्यात होतं.

रविवार

पॅनलची खोली पांढरी, बंद, हवा गाळलेली. चौघे चार कप्प्यांत. अनघा काचेपलीकडे यंत्रापाशी. पहिल्या फेऱ्या अंदाजात गेल्या. मग सातव्या का आठव्या फेरीला मधल्या नळीतून कालचा नाला आला. बारीक, पण तोच. चूक व्हायला जागा नव्हती. बोट डावीकडच्या बटणावर नेलं असतं तर कुणालाही शंका आली नसती. नवीन नाक आहे, बिचकलं, म्हणाले असते. सोमवारी समिती कोरी मोजणी पाहून गेली असती आणि मुलगी महिन्याभरात पुण्यात असती, रविवारी घरी येण्याच्या अंतरावर.

मी काचेतून पाहिलं. ती माझ्याकडे बघतच नव्हती. तिचे डोळे प्रवाह दाखवणाऱ्या काट्यावर होते, आणि चारही कप्प्यांत काय दाबलं जाईल याची तिला काही काळजी दिसत नव्हती.

मी मधलं दाबलं. खात्री.

दुपारी आकडा निघाला. चारही नाकं हिशेबात धरली गेली. भोयरांनी माझ्याशी पुन्हा हात मिळवला, या वेळी हुंगला नाही. समितीनं पुढे काय ठरवलं ते हे लिहीपर्यंत कळलेलं नाही. अशा समित्या चहा लगेच घेतात आणि निर्णय सावकाश.

बंदी उठली आणि अनघा मला सावजीत घेऊन गेली. आम्ही पश्चिमेकडचे लोक आपल्या तिखटाची फार ऐट मिरवतो. मटणाच्या त्या काळपट रश्शाचा पहिला घास घेतला आणि ऐट उतरली. तिखट जिभेवर थांबत नाही, कानामागून वर जातं. सोबत ज्वारीची भाकरी, कांदा, लिंबू. तिथं मला कळलं की गावंडेंनी पैज लावली होती, काकाजी उलटं दाबणार म्हणून. अनघानं माझ्या बाजूनं लावली होती. सोमवारी गावंडे सगळ्यांना तर्री पोहे देणार होते.

मग तिनं हात धुतले आणि फोन माझ्यापुढे सरकवला. "आईला तुम्ही सांगा. मी सांगितलं तर ती रडेल. तुम्ही सांगितलं तर प्रश्न विचारेल."

"काय सांगू?"

"जे पाहिलंत ते."

मी बाहेर येऊन रस्त्याच्या कडेला उभा राहिलो आणि सुनंदाला फोन लावला. सगळं सांगितलं, आधी विरुद्ध बाजू: पद कंत्राटी, कायम कधी होईल ते तिथले ज्येष्ठही सांगू शकत नाहीत, समितीनं दिली तर दोन वर्षं, पगार पुण्यापेक्षा कमी, बढतीची मुलाखत निवृत्तीपर्यंत संपत नाही. सुनंदा ऐकत होती. तिनं विचारलं, माणसं कशी आहेत? मी म्हणालो, खोटं बोलत नाहीत, थट्टा फार करतात. मग तिनं जे विचारलं ते माझ्या चौकशीत कुठंच नव्हतं.

"आज जेवताना बोलली का ती?"

शिकत असताना अनघा सहा महिने पुण्यात एका कंपनीत उमेदवारीला होती. तेव्हा सुट्टीला यायची, ताटाकडे बघत जेवायची आणि उठून जायची. मला वाटायचं, दमली असेल. सुनंदाला तसं वाटलेलं नव्हतं, हे मला त्या रस्त्यावर कळलं.

"तासभर बोलली," मी म्हणालो.

"कशावर?"

मी खरं ते सांगितलं: नाल्यावर. सडक्या कोबीचा वास कुठून सुरू होतो, कुजक्या अंड्याचा कुठून, आणि थंडीत पहाटे तो वस्तीकडे का सरकतो.

पलीकडे कुकरची शिट्टी झाली.

"हे सगळं मटण खाताना?"

"हो."

"मग राहू दे तिला तिथं," सुनंदा म्हणाली. आणि मग, "तुम्ही काय केलंत, ते ऐकून?"

मी आणखी एक भाकरी मागून घेतली होती. तेच सांगितलं.